वरपक्षाच्या खोलीतला समुद्र

बार्शीत समुद्र आला तो सरकारी अनुदानातून. त्याआधी बार्शीकरांना समुद्र बघायचा तर रात्रभर एसटीत बसावं लागे. आता तो गावातच आला, आणि तोही सुयोग मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, वरपक्षाच्या खोलीत.

लग्नं सगळी हायवेवरच्या लॉनवर गेल्यापासून सुयोग कार्यालय रिकामंच होतं. ते 'सागरहस्त' नावाच्या कंपनीने भाड्याने घेतलं आणि तिथे राज्याच्या नवकौशल्य अनुदान योजनेचं केंद्र उघडलं. स्टेजच्या भिंतीवरचं थर्माकोलचं 'शुभविवाह' काढून तिथे योजनेची उद्दिष्टं लावली: कामगाराला नवं काम शिकवणे, शिकताना कोणाला इजा न होऊ देणे, शिकलेल्याला नोकरीला लावणे आणि लागलेल्याला किमान वर्षभर टिकवणे. नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या मात्र तशाच राहिल्या. साहेब लोक आले की त्यांना त्यात बसवत.

काम होणे, हे त्या उद्दिष्टांत कुठेच नव्हतं. पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. सरकारी योजनेत ते शोधायची आपल्याला सवय नाही.

रत्नमाला बारबोले पहिल्याच तुकडीतली. लग्नाआधीपासून ती डाळ मिलमध्ये तूर निवडायची. मग मिलमध्ये कॅमेऱ्याचं यंत्र आलं. ते धावत्या डाळीतला खडा ओळखायचं आणि फुंकर मारून उडवायचं. खड्यांपाठोपाठ बायकाही उडाल्या. मालकाने हातात नारळ आणि स्टीलचा डबा दिला, तो घेऊन रत्नमाला घरी आली. नवरा दिगंबर पाण्याच्या जारचा टेम्पो चालवायचा. त्याने डबा उलटसुलट करून पाहिला.

"झाकण घट्ट बसतं," तो म्हणाला. त्या घरात दुःख एवढ्यावरच आवरत.

केंद्राची वाट तिला दाखवली आतेभावाने. धनंजय, म्हणजे धनूदादा, पुण्यात शिकून आलेला आणि आता केंद्राचा मुख्य प्रशिक्षक. रत्नमालाला सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेला पाटावर बसायचा तो धनूदादाच, आणि वर्षभर तिच्या घरात 'धनूदादाला विचारू' यावर कुठलीही चर्चा संपायची.

"रत्ना, खोलीत बसून बंदरावरचा लोडर चालवायचा," तो म्हणाला.

"मला स्कूटीसुद्धा येत नाही, दादा."

"म्हणून तर तू पाहिजेस. ज्याला येतं त्याला अनुदान नाही."

बंदर कोकणातलं, खारड्याचं. तिथे जहाजातून उतरलेल्या कोळशाचे डोंगर, आणि ते इकडचे तिकडे करणारे बारा लोडर. लोडर म्हणजे पुढे खाटेएवढी लोखंडी बकेट लावलेलं अवजड यंत्र. यंत्र तिथे आणि चालवणारा इथे, यात एक जुनी अडचण होती. तिथलं चित्र इथे यायला आणि इथला हुकूम तिथे पोचायला वेळ लागतो. डोळ्याचं पातं लवेल एवढाच, पण तेवढ्यात बकेट भिंतीत जाते. त्यावर निघालेला उपाय म्हणजे अग्रचित्र. लोडरवरचे कॅमेरे आणि लेझर समोरचं सगळं मोजतात, आणि संगणक आत्ता काय आहे ते दाखवतच नाही. तुमचा हुकूम पोचेल तेव्हा काय असेल ते आधीच रेखाटून दाखवतो. यात जादू काही नाही. वेगवान गोलंदाजाचा चेंडू कोणताच फलंदाज बघून मारत नाही, तेवढा वेळच नसतो. चेंडू कुठे येईल हे मेंदूने रेखाटलेलं असतं, तिथे तो बॅट घालतो. संगणक तेच करतो, फक्त त्रिफळा कमी वेळा उडतो.

पण रेखाटलेलं ते रेखाटलेलंच. खरा कोळसाही त्यात रंगवल्यासारखा गुळगुळीत दिसतो. शिवाय खासगीपणाच्या कायद्यामुळे माणसांचे चेहरे पुसलेले असतात आणि अंग लांबून ओळखू यावं म्हणून जांभळं केलेलं असतं. त्यामुळे खऱ्या बंदराचं अग्रचित्र आणि सरावासाठी बनवलेलं खोटं बंदर शेजारी शेजारी ठेवलं, तर कुठलं कुठलं ते बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. तंत्रज्ञांना याचा फार अभिमान होता.

पहिल्याच दिवशी धनूदादाने वरपक्षाच्या खोलीत बारा खुर्च्यांवर बारा जणांना बसवलं.

"नीट ऐका. खारडे बंदर खरं आहे, पण तुम्हाला दिसतंय ते त्याचं खोटं चित्र आहे. सराव. इथे काही मोडलं तरी मोडत नाही, कोणी मेलं तरी मरत नाही. घाबरून कोणी शिकत नसतं. बिनधास्त चालवा."

"आणि हे जांभळे?" शबाना तांबोळीने विचारलं. ती रत्नमालाच्या शेजारच्या खुर्चीवर होती. आधी ती बांगड्यांच्या दुकानात होती आणि गप्प बसणं तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"बाहुल्या. तुमचं लक्ष आहे का बघायला सोडलेल्या."

त्यातली एक बाहुली रोज सकाळी भेटायची. हातात पाण्याचा पाइप, कोळशाची धूळ बसावी म्हणून पाणी मारणारी, ताडपत्र्या ओढणारी. रत्नमालाचा लोडर सुरू झाला की ती समोर येऊन पाइप वर करायची, सलाम ठोकल्यासारखा. शबानाने तिचं नाव वांगेराव ठेवलं. रंगावरून.

"बघ, तुझा वांगेराव आला. नवऱ्यापेक्षा वेळेवर येतो."

रत्नमाला दोनदा हॉर्न वाजवायची. वांगेराव मान डोलवायचा आणि कामाला लागायचा. कधी डबा उघडून लोडरपुढे धरायचा, 'जेवतोस का' असं विचारल्यासारखा. बाहुली असून वागणं चांगलं, असं तिला वाटायचं. घरी दिगंबरलाही तिने सांगितलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी पडदा उजळला आणि रत्नमालाच्या तोंडून 'अगं बाई' निघालं. बकेटीवर झेंडूचा हार होता. लोखंडावर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलेली होती, दातांना आंब्याचे टहाळे बांधलेले होते आणि समोर वांगेराव पाइप खाली ठेवून हात जोडून उभा होता. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, हे मिलमध्येही होतं. पण पडद्यातलं यंत्रही पुजलेलं पाहून तिला भरून आलं.

"ज्यानं हे चित्र काढलं ना," ती शबानाला म्हणाली, "त्याच्या आईनं त्याला वळण लावलंय."

दसरा झाल्यावरच्या आठवड्यात ते घडलं. सगळ्यांचा हात बसला होता आणि हात बसला की माणसाला खोडी सुचते. कोणी बकेटीने समुद्रातलं पाणी ढवळायचं, कोणी बाहुल्यांमागे हळूहळू लोडर न्यायचं.

"वांगेरावाला जरा नाचव की," शबाना म्हणाली. "रोज नुसताच सलाम."

रत्नमालाने बकेट खाली घेतली आणि त्याच्या शेजारच्या ढिगाला टोचली. तो दचकून उडी मारेल एवढंच तिला पाहिजे होतं. ढीग वरून सुटला. वांगेराव गुडघ्यापर्यंत गेला, मग कमरेपर्यंत. पाइप सापासारखा उडत राहिला. लोडर आपोआप थांबला आणि पडद्यावर अक्षरं आली: 'मानवी आकृतीशी संपर्क. पाच गुण वजा.'

"गेले गं माझे पाच!" रत्नमाला म्हणाली, आणि सगळे हसले. तीही हसली.

बाराही पडदे काळे झाले. धनूदादा जिना चढून आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याला रंग नव्हता. सिस्टिम बिघडली, म्हणाला. त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी दिली आणि जाताना कोपऱ्यावर मस्तानी पाजली. धनूदादा असा उगाच खर्च करणारा नव्हता. रत्नमालाने दुसरा ग्लास मागितला, तोही त्याने दिला.

दुसऱ्या दिवसापासून पाइप दुसऱ्याच बाहुलीच्या हातात होता. तिला सलाम येत नव्हता.

"दादा, वांगेराव कुठे गेला?"

"कोण? तो होय," धनूदादा वायर गुंडाळत म्हणाला. "नवीन आवृत्तीत काढला."

पुढे परीक्षा झाली. रत्नमाला पाच गुण कमी पडूनही पहिली आली. योजनेप्रमाणे सगळ्या तुकडीला सागरहस्तनेच नोकरी दिली. त्यासाठी तिला जिना उतरून खाली यावं लागलं, एवढंच. नोकरी तळमजल्यावर होती, वधूपक्षाच्या खोलीत, स्वयंपाकघराला लागून. खुर्ची तीच, पडदा तोच, समुद्र तोच.

"आता मात्र हे खरं," धनूदादाने बजावलं. "इथे तुझं बोट हललं की खारड्यात लोखंड हलणार. एक चूक आणि कोणाचा तरी जीव."

रत्नमालाने हे इतकं मनावर घेतलं, की तान्हं मूल न्यावं तसा ती कोळसा नेऊ लागली. घाम पुसायलाही लोडर थांबवून मगच हात काढायची. खरं काम वरच्या खेळापेक्षा कंटाळवाणं होतं. लाटा एका मापाच्या. कधी कुत्रं आडवं येत नव्हतं, बाहुल्या, म्हणजे आता माणसं, तिच्याकडे ढुंकून बघत नव्हती. पण नोकरी लागली की मजा संपते, असं सगळेच नोकरदार सांगतात. त्यामुळे तिला संशय आला नाही. वरच्या खोलीत दुसरी तुकडी आली, तीही शिकून खाली आली, मग तिसरी वर गेली. जिन्यावरून त्यांचा खिदळण्याचा आवाज यायचा. "खेळा लेको," ती मनात म्हणायची. "खाली आलात की कळेल."

वर्ष भरायला दोनेक महिने राहिले असतील, तेव्हा पुन्हा खंडेनवमी आली.

रत्नमाला घरून हार, हळदीकुंकू, पेढे घेऊन आली. पडदा पुसला, खुर्चीच्या हाताला कुंकू लावलं आणि यंत्र सुरू केलं. बकेट बोडकी होती. टहाळा नाही, हळदीचं बोट नाही. तिला वाटलं, उशीर झाला असेल पूजेला. दुपारपर्यंत वाट पाहिली. बंदरावरच्या एकाही लोडरवर एक पाकळी नव्हती.

"खरी माणसं आणि पूजा करत नाहीत?" ती शबानाला म्हणाली. "गेल्या वर्षी खोट्यांनी केली होती."

"खऱ्यांना वेळ कुठे असतो," शबाना म्हणाली.

उरलेले पेढे वरच्या पोरांना द्यावेत म्हणून रत्नमाला जिना चढली. वरपक्षाच्या खोलीत नवी तुकडी गलका करत होती. तिने पहिल्या पोरीच्या हातावर पेढा ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं.

बकेटीवर झेंडूचा हार होता. समुद्राच्या वाऱ्याने तो हलत होता. एक फूल सुटलं, कोळशावर पडलं, थोडं घरंगळलं आणि थांबलं. एक जांभळी बाहुली वाकली, तिने ते उचललं आणि परत बकेटीवर ठेवलं.

रत्नमालाने पेढ्यांचा पुडा मिटला. खोटं चित्र काढणारा हार काढेल. पण पडलेलं फूल परत ठेवणारा माणूस कोण कशाला काढेल?

धनूदादा तिला स्वयंपाकघरात सापडला. हजार माणसांच्या भाताची पातेली तिथे अजून उपडी पडलेली होती. त्यातल्याच एकावर बसून तो डबा खात होता.

"दादा, खरं बंदर वर आहे."

त्याने घास खाली ठेवला. नाही म्हटलं नाही, तेव्हाच तिचं उत्तर तिला मिळालं.

"ऐक," तो म्हणाला. "लोडर बाराच आहेत. दर तुकडीला सराव पाहिजे. खरं यंत्र दिल्याशिवाय काम शिकून होत नाही, आणि काम झाल्याशिवाय जहाज रिकामं होत नाही. शिकणाऱ्याला सरकार विद्यावेतन देतं, कंपनीला काही पडत नाही. शिकून झालं की तुम्हाला पगार द्यायचा, विमा द्यायचा, लायसन द्यायचं. मग तुम्हाला बसवायचं कुठे?"

"खेळण्यापुढे."

"तुमचा अर्धा पगार पहिलं वर्षभर सरकारच देतं. तुम्ही टिकलात की उद्दिष्ट पूर्ण होतं. कोणाचं काय गेलं त्यात?"

"आणि वर्षानंतर?"

धनूदादाने डब्याला झाकण लावलं.

"दादा, वांगेराव?"

"तो विषय काढू नकोस."

"काढला तूच होतास. नवीन आवृत्तीत."

"रत्ना, नीट समजून घे," त्याचा आवाज एकदम मऊ झाला, भाऊबीजेचा. "वर खेळ होता म्हटलंस, तर तुझ्या हातून काही झालं नाही. तुझी नोकरी खरी. खरं होतं म्हटलंस, तर बिनालायसनचं यंत्र चालवून माणूस गाडलास. कुठलं पाहिजे ते तू ठरव. मी तुला झोप लागावी म्हणून बोललो नाही."

"मला वर्षभर छान झोप लागली, दादा," रत्नमाला म्हणाली. "तेच तर."

घरी दिगंबरने सगळं ऐकून घेतलं. पोलिसांत जायचं का, विचारलं.

"काय सांगू? पडद्यात बाहुली पडली म्हणून?"

"मग आधी बाहुली शोधू," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशीच्या जारच्या गिऱ्हाइकांना फोन करायला लागला.

खारड्याला ती दोघं सकाळी पोचली. रत्नमालाने पहिल्यांदा खरा समुद्र पाहिला. तो पडद्यातल्याइतका निळा नव्हता आणि त्याला वास येत होता. बंदराच्या फाटकावर चौकशी करायला लागलंच नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस कपबश्या विसळत होता. काखेत कुबडी, एक पाय गुडघ्यापासून वाकडा. गिऱ्हाईक निघालं की त्याने हातातलं फडकं वर करून सलाम ठोकला.

चेहरा तिने कधी पाहिलेला नव्हता. हात ओळखला.

नाव यशवंत मांजरेकर. बंदरावर सगळे त्याला येसूकाका म्हणत. दिगंबरने 'आम्ही बार्शीचे' एवढंच सांगितलं आणि पायाचं विचारलं. येसूकाकाला सांगायला आवडत असावं. निदान सवय होती.

"यंत्रान् केलान्," तो म्हणाला. "पूर्वी लोडरवर शंकर ड्रायवर असायचा. सकाळी त्याला सलाम केल्याबगर मी पाइपाला हात नाही लावला कधी. मग ही आपोआप चालणारी यंत्रं आली. साहेब म्हणाले, आत कोणी नाही, संगणक चालवतो. म्हटलं, असूंदे. हाताची सवय थोडीच जाते? मी आपला सलाम करीत राहिलो. आणि काय सांगू गो बाय, ते यंत्र मला उत्तर द्यायला लागलं. दोन हॉर्न. बाकीच्यांना नाही, मलाच. घरी सांगायचो, यंत्र मला वळखतं. बायको म्हणायची, तुझं डोकं फिरलंय."

रत्नमालाने चहाचा कप बाकावर ठेवला.

"म्हणून जास्त लागलं," येसूकाका म्हणाला. "पायाला नाही. वळखीच्यान् केलान् ना."

"भरपाई?" दिगंबरने विचारलं.

"चालक कोण, विचारतात. चालक नाही. चालक नाही तर हयगय कोणाची? हयगय नाही तर भरपाई कसली? वर्ष झालं, कागदात त्या जागी रेघ मारलेली आहे. नाव पाहिजे तिथे कोणाचं तरी."

"माझं घाला," रत्नमाला म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. बार्शी, वरपक्षाची खोली, जांभळा रंग, वांगेराव हे नाव, टोचलेला ढीग, आणि आपण हसलो ते. हे शेवटचं लपवता आलं असतं. येसूकाका ऐकत होता. त्याच्या हातातल्या बशीतून पाणी गळत होतं.

"म्हणजे हॉर्न तू वाजवायचीस," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"आणि मी तुला बाहुली दिसायचो."

"हो काका. तुम्हाला मी?"

"मला तू दिसायचीसच नाही." त्याने बशी ठेवली. "तुला माफ वगैरे करायला मला आत्ता जमायचं नाही हां. साखर हवी तर घे अजून."

दिवाळीच्या आधी राज्याची मूल्यमापन समिती सुयोग कार्यालयात आली. देशमाने मॅडम अध्यक्ष, बरोबर तिघेजण. मॅडमना नवरीची खुर्ची मिळाली. शाल-नारळ झाल्यावर धनूदादाने चारही उद्दिष्टं कशी गाठली ते सांगितलं: शिकवले, जपले, लावले, टिकवले. मग सगळे वधूपक्षाच्या खोलीत आले.

"या आमच्या रत्नमालाताई. डाळ निवडायच्या," धनूदादा म्हणाला, आणि क्षणभर तिच्या नजरेला नजर देऊन खाली बघितलं. तिला वाटलं, तो विनवतोय. तिला हेही वाटलं, की मागच्या भाऊबीजेलाही तो असाच खाली बघत होता आणि आपण त्याला लाजाळू समजलो.

"चालवून दाखवा ना, ताई," मॅडम म्हणाल्या.

रत्नमालाने लोडर सुरू केला, धक्क्याच्या कडेपर्यंत नेला आणि सरळ समुद्रात घातला. शबाना किंचाळली. पाणी चढलं, बुडबुडे आले, पडदा काळा झाला. मग पुन्हा उजळला, आणि लोडर होता तिथे, कोरडा ठणठणीत.

"मॅडम, मी आत्ता एवढं मोठं यंत्र बुडवलं. खारड्याला फोन लावा, कोणी ओरडतंय का बघा. कोणी नाही ओरडणार. मी वर्षभर खेळण्याशी नोकरी करतेय."

मॅडमनी धनूदादाकडे पाहिलं. त्याला घाम फुटला होता, पण जीभ जागेवर होती.

"सुरक्षा प्रणाली आहे, मॅडम. चुकीचा हुकूम यंत्र घेतच नाही. त्याचंच प्रात्यक्षिक होतं."

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. "छान."

समितीतल्या एकाने टाळी वाजवली. बाकीच्यांनी ती पुढे चालवली. टाळ्या चालू असतानाच रत्नमाला उठली आणि जिन्याकडे निघाली. मागून शबाना, शबानाच्या मागून घोळका. समितीला वाटलं, कार्यक्रम वर आहे.

वरपक्षाच्या खोलीत तिसऱ्या तुकडीची बारा पोरं-पोरी लोडर पळवत होती. रत्नमाला दारात उभी राहिली.

"पोरांनो, हात काढा त्याच्यावरून. ती जांभळी माणसं बाहुल्या नाहीत. खरी आहेत. मी यातल्या एकाचा पाय मोडलाय, या खुर्चीवर बसून, हसत. तिकडे त्याच्या घरी बायको आहे."

कोणी हललं नाही. एक पोरगी कसंनुसं हसली. "मावशी, थांबलो तर गुण जातात."

"माझे पाच गेले," रत्नमाला म्हणाली. "त्याचा गुडघा गेला."

त्या पोरीने आधी हात काढला. मग शेजारच्याने. मग एकेक करत बाराही जणांनी हात वर धरले, पोलिसांनी पकडल्यासारखे. पडद्यांवर बकेटी जिथल्या तिथे थांबल्या. जांभळी माणसं काम सोडून यंत्रांकडे बघू लागली. एक जण पुढे आला आणि त्याने पडद्यातून, म्हणजे तिकडे कॅमेऱ्याच्या काचेवर, बोटाने टकटक केली.

आणि मग धनूदादाच्या खिशातला फोन वाजला.

त्याने कापला. पुन्हा वाजला.

"उचला की," देशमाने मॅडम म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज शालनारळाचा नव्हता. "स्पीकरवर."

"अहो, काय चाललंय काय तुमचं?" फोनमधला माणूस बंदराच्या वाऱ्याला पुरून उरेल असा ओरडत होता. "बाराच्या बारा लोडर उभे आहेत! जहाज खोळंबलंय! ती पोरं चहाला गेलीत का सगळी?"

समितीचा अहवाल दिवाळीनंतर येणार होता, पण त्यातलं एक वाक्य आधीच गावभर झालं: 'केंद्रातील प्रशिक्षण अत्यंत वास्तवदर्शी असल्याचे समितीस आढळून आले.' केंद्राला तूर्त कुलूप लागलं. सागरहस्तने सांगितलं, की प्रशिक्षकाने परस्पर केलेल्या प्रकाराची कंपनीला कल्पना नव्हती. म्हणजे धनूदादालाही कोणीतरी खालच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. खारड्याच्या कागदात रेघेच्या जागी 'रत्नमाला दिगंबर बारबोले' हे नाव आलं आणि येसूकाकाचा अर्ज पहिल्यांदा पुढे सरकला. त्याच नावावर बिनापरवाना यंत्र चालवल्याचा गुन्हाही दाखल झाला. नोकरी गेली. वर्ष भरायला महिना-दीड महिना कमी पडल्याने ती टिकलेल्यांत धरली गेली नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी दिगंबरने सवयीने पाट पुसून मांडला. रत्नमालाने त्याभोवती रांगोळी काढली नाही, हे त्याला जरा उशिरा दिसलं. ताटात निरांजन लागलेलं होतं, सुपारी होती, अक्षता होत्या.

"धनूदादा किती वाजता येतोय?" त्याने विचारलं.

तिने पाट उचलून भिंतीला टेकवला.

"तो होय," ती म्हणाली. "नवीन आवृत्तीत काढला."

आणि भाऊ नसलेल्या बायका करतात तसं, चंद्राला ओवाळायला ती ताट घेऊन अंगणात गेली.